दाखल नोंद

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गावच्या वाचनालयातून ताईंचा फोन आला. "संगणक चालू होतोय रे, पण पुढे जात नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात आणि तिथेच थांबतो." कोणती अक्षरं, असं विचारल्यावर वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी एकेक शब्द सावकाश वाचून दाखवला : रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. म्हणजे, जिच्यावरून चालू व्हायचं ती डिस्कच संगणकाला सापडत नव्हती. संदेश कोणत्या तारखेला पहिल्यांदा आला, मध्ये दोन दिवस संगणक आपोआप नीट कसा चालला, पुन्हा कधी अडला, सगळं त्यांनी उतरवून ठेवलं होतं. संगणकाच्या दुरुस्तीत निम्मं काम अशा नोंदीनेच होतं. मधले ते दोन दिवस ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. कधी चालणारी, कधी न चालणारी डिस्क ही जाणारी डिस्क असते.

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या कोसावर. शाळेत असताना मे महिन्याची प्रत्येक दुपार मी या वाचनालयात काढली आहे. ताई तेव्हा नुकत्याच ग्रंथपाल म्हणून लागल्या होत्या. संगणक आला २०१० च्या मार्चअखेरीला. कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी), एकेक जीबीच्या दोन रॅम (तात्पुरत्या स्मृतीच्या) पट्ट्या, ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ७. तेव्हा तालुक्यात त्याच्याहून चांगला संगणक फार कमी ठिकाणी असेल.

त्या संगणकावर ताईंनी वाचनालयाची अख्खी दाखल नोंदवही चढवली. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा; त्यातून अनुदान येतं, आणि अनुदान आलं की तपासणी, दप्तर, रजिस्टरं ओघाने येतातच. कागदी वह्या होत्याच. पण कोकणातल्या पावसाळ्यात कागदाचं काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. जुन्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. म्हणून रोज दुपारी वाचनालय रिकामं असताना पंधरा-वीस नोंदी, असं करत त्यांनी साडेनऊ हजारांच्या आसपास पुस्तकं टाइप केली. दाखल क्रमांक, लेखक, पुस्तक, प्रकाशक, किंमत, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. 'देणगी', 'पान ४० गहाळ', 'बांधणी करून घेतली'. शेवटची प्रत काढून ठेवलेली होती दोन वर्षांपूर्वीच्या पेनड्राइव्हवर. म्हणजे त्यानंतरचं सगळं त्या एका डिस्कवर.

तालुक्याच्या एका दुकानातल्या माणसाने येऊन पाहिलं होतं. "पंधरा वर्षांची मशीन आहे, भंगारात द्या. नाहीतर फॉरमॅट मारून देतो," असं सांगून तो गेला. ताईंनी फॉरमॅट करू दिलं नाही. त्यासाठी मी त्यांचा फार ऋणी आहे. जुन्या यंत्राला भंगार म्हणणं सोपं असतं, कारण म्हणणाऱ्याचं त्यात काही अडकलेलं नसतं.

पुण्याहून निघताना तपकीर गल्लीतून २४० जीबीची एक एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी, चिपांची डिस्क, घेतली. विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट या यंत्रणेच्या २२.२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती उतरवून पेनड्राइव्हवर घातली. विंडोज का नाही, हे ताईंना नीट समजावून सांगावं लागलं. विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं १४ जानेवारी २०२० ला बंद झालं. विंडोज १० चीही मुदत त्याच आठवड्यात, १४ ऑक्टोबर २०२५ ला, संपली होती. आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर चालणारच नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. त्यातून पळवाट काढली तरी २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची एक आज्ञा असावीच लागते, आणि कोअर टू ड्युओच्या पिढीला ती आज्ञा माहीतच नाही. मिंटची २२ ची मालिका मात्र २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. किमान २ जीबी रॅम, ४ असली तर बरं, एवढीच तिची मागणी. हे सगळं ऐकल्यावर ताईंनी एकच विचारलं, "माझी अक्षरं दिसतील ना त्यात?"

धनत्रयोदशीला सकाळीच कॅबिनेट उघडलं. आत पंधरा वर्षांची धूळ होती, पण घरातल्या धुळीसारखी सुटी नव्हे. समुद्राकाठी धूळ ओल धरते आणि बुरशीसारखी चिकटून बसते. लोखंडी पत्र्याच्या कडांना तांबूस गंज. रंगकामाच्या ब्रशने तासभर साफसफाई केली, पंख्याखालची सुकून खडी झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली.

पहिला दोष सगळ्यात स्वस्तातला निघाला. संगणक चालू केला की तारीख १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. वीज नसताना घड्याळ आणि बायॉसमध्ये (यंत्र चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम) केलेले बदल हा ३ व्होल्टचा बटणाएवढा सेल जपतो. तो गेला की यंत्राला रोज सकाळी सगळं नव्याने सांगावं लागतं, आणि सांगितलेलं रात्री विसरलं जातं. तारीख मागे राहिली तर पुढे वेगळाच घोळ होतो. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं या यंत्राच्या हिशेबाने अजून लागूच झालेली नसतात, त्यामुळे एकही पान उघडत नाही आणि माणूस इंटरनेटला दोष देत बसतो. नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडे सेल मिळाला.

डिस्कची केबल बदलली तशी ती बायॉसमध्ये दिसायला लागली. इथे कुणालाही मोह होईल की चला, चालू करून बघू. मी तो आवरला. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवरून विंडोज चालू करायचं म्हणजे तिच्यावर हजार ठिकाणी लिहायला लावायचं. आधी तिच्यातलं सगळं बाहेर काढायचं, नंतर नवी यंत्रणा, असं मी ठरवूनच आलो होतो. डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडायची, असा सरळ बेत होता. पण साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, आणि माझ्याकडची केबल यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणारी, छोट्या डिस्कसाठीची. दिवाळीच्या दिवसांत दुसरी कुठून आणणार? तेव्हा हे काम त्याच संगणकाकडून करून घ्यायचं ठरलं : पेनड्राइव्हवरून मिंट चालू करायचं, आणि त्याच्या मदतीने जुन्या डिस्कची प्रत माझ्या बाहेरच्या डिस्कवर घ्यायची.

पेनड्राइव्ह लावला तर संगणक त्याच्याकडे बघेचना.

यात दोन गाठी होत्या. एक बायॉसच्या मांडणीतली. हा जुना बायॉस पेनड्राइव्हला 'यूएसबी' म्हणून ओळखत नाही, हार्ड डिस्कच धरतो. त्यामुळे बूटच्या यादीत तो शोधून सापडत नाही. आधी 'हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज' या आतल्या पानावर जाऊन त्याला पहिल्या क्रमांकावर आणावं लागतं, मग तो बाहेरच्या यादीत उगवतो. दुसरी गाठ माझ्या घाईची. पुण्यात रूफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार करताना मी नव्या यंत्रांसाठीच्या जीपीटी मांडणीचा पर्याय तसाच ठेवला होता. बायॉसच्या जागी यूईएफआय असलेली नवी यंत्रं पेनड्राइव्हमधल्या एका विभागात जाऊन सुरुवातीची फाइल नावानिशी शोधतात. जुना बायॉस इतका खोलात जात नाही. तो डिस्कचे पहिले ५१२ बाइट उचलतो : त्यातले ४४६ सुरुवातीच्या प्रोग्रॅमचे, ६४ डिस्कच्या वाटण्यांच्या तक्त्याचे आणि शेवटचे २ खुणेचे. तिथे काही सापडलं तर ठीक, नाहीतर तीच पांढरी अक्षरं. पेनड्राइव्ह एमबीआर या जुन्या पद्धतीने पुन्हा लिहिला, आणि पडद्यावर मिंटचा हिरवा गोल दिसला. ताई खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या.

हिरवा गोल फिरत राहिला. मग एका ओळीवर अडकला. पुन्हा चालू केलं, तर यावेळी दुसऱ्याच ओळीवर. तिसऱ्यांदा स्क्वॉशएफएस (मिंटचा दाबून भरलेला गठ्ठा) वाचता येत नाही म्हणून तक्रारींची रांग लागली. उतरवलेल्या फाइलची पडताळणीची बेरीज (चेकसम) लॅपटॉपवर संकेतस्थळावरच्या बेरजेशी ताडून पाहिली, तंतोतंत जुळली. फाइल चांगली, पेनड्राइव्ह लॅपटॉपवर चालतोय, आणि इथे मात्र दरवेळी वेगळ्या जागी चूक. एकाच जागी अडलं असतं तर मी फाइलवर किंवा डिस्कवर संशय घेतला असता. चूक जागा बदलत असेल, तर आधी रॅम तपासायची.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर मेमटेस्ट घेतलं. हा प्रोग्रॅम रॅमच्या प्रत्येक घरात काहीतरी ठेवतो, पुन्हा वाचतो, आणि ठेवलेलं तेच परत आलं का ते बघतो. चौथ्या मिनिटाला पडदा लाल ओळींनी भरला. ताईंनी वहीत लिहिलं : 'स्मृतिदोष.' शब्द त्यांचाच.

दोन्ही पट्ट्या काढल्या. सोनेरी दातांवर करडा थर. इथल्या खाऱ्या हवेत रेडिओच्या खटक्यापासून शिवणयंत्राच्या मोटरपर्यंत सगळ्याला तो चढतो. शाळेतल्या पोराकडून खोडरबर मागून घेतला, दात हलक्या हाताने पुसले, कोरड्या कापडाने कण झटकले. मग एकच पट्टी पहिल्या खाचेत : दोष नाही. तीच दुसऱ्या खाचेत : दोष नाही. म्हणजे दोन्ही खाचा चांगल्या. आता दुसरी पट्टी पहिल्या खाचेत : लाल. दुसऱ्या खाचेत : लाल. चार वेळा उघडझाप, दोन तास, पण त्यानंतर शंकेला जागा उरली नाही. या कामात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झालं, तर ते कशाने चालू झालं हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा अडाणीच असतो.

उरली १ जीबी. त्यात मिंट चालणार नाही. दापोलीत जाऊन ४ जीबीची नवी डीडीआर३ पट्टी आणली. ती लावल्यावर पडदा काळा, आणि आतून थांबून थांबून एकेक लांब बीप. पट्टी नवी, खाच चांगली, जातही तीच. मग का? तासाभराने आठवलं. मदरबोर्डवरच्या जी४१ चिपसेटला, म्हणजे रॅमशी बोलणाऱ्या चिपांच्या जोडीला, २ गिगाबिटपर्यंतच्याच चिपा ओळखता येतात. नव्या ४ जीबीच्या पट्टीवर एकाच बाजूला आठ चिपा असतात, प्रत्येकी ४ गिगाबिटच्या. हा मदरबोर्ड त्यांना ओळखत नाही. जुन्या पद्धतीची पट्टी हवी होती, दोन्ही बाजूंना आठ-आठ मिळून सोळा चिपांची. दुकानदाराला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्या खणात जुनी पडलीय बघा एक, दोन्हीकडून काळी असलेली." त्याने नवी परत घेतली आणि खणातली दिली. त्यानेही हा फरक पहिल्यांदाच ऐकला. पट्टी उलटसुलट करून चिपा मोजल्या आणि खणातल्या बाकीच्याही बाहेर काढून वेगळ्या लावून ठेवल्या. मला ते फार आवडलं.

रात्रभर मेमटेस्ट चालू ठेवलं. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान उरकून ओल्या केसांनीच वाचनालयात गेलो. पडद्यावर एकही लाल ओळ नव्हती.

रॅमवर एवढा वेळ का घालवला, हे ताईंनी विचारलंच. जुन्या डिस्कवरून निघालेली प्रत्येक नोंद बाहेरच्या डिस्कवर जाताना या रॅममधून जाणार होती. तीच खोटं बोलत असेल तर प्रत निघाल्याचं समाधान मिळालं असतं आणि आतली अक्षरं बदलून गेली असती. निरोप्या विश्वासू आहे ना, हे आधी बघायला हवं होतं.

मिंट आता सरळ उघडलं. डिस्कची प्रकृती तपासली तर पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून बाद ठरवलेले नाहीत असे डिस्कवरचे छोटे कप्पे, सत्तरच्या वर होते. मोबाइलच्या इंटरनेटवर डीडीरेस्क्यू उतरवलं. माझा या प्रोग्रॅमवर फार जीव आहे. साधी नक्कल करणारा प्रोग्रॅम खराब जागी डोकं आपटत बसतो, आणि त्या हट्टात डिस्कचा उरलेला जीवही जातो. डीडीरेस्क्यू सहज येईल ते आधी उचलतो, अडलं तर ती जागा नकाशाच्या फाइलमध्ये टिपून पुढे जातो, आणि सगळं सोपं हाती आल्यावर मग एकेका अवघड जागेकडे परत वळतो. मध्ये वीज गेली तरी तो नकाशा बघून तिथूनच पुढे सुरू होतो. वीज दोनदा गेली. मदरबोर्डवर यूएसबी २.०, म्हणजे सेकंदाला ३० एमबीच्या आसपास. बहुतेक डिस्क तीन-चार तासांत आली, आणि शेवटच्या काही एमबींनी संध्याकाळपर्यंत वेळ घेतला. त्या वेळात ताईंनी दाराला आंब्याचं तोरण बांधलं, पणत्या लावल्या, आणि दर अर्ध्या तासाने आकडा वहीत उतरवला. शेवटी ५२ केबी वाचता आले नाहीत. ३२० जीबीत ५२ केबी.

दाखल नोंदवहीची फाइल अख्खी मिळाली. गेलं ते बहुतेक विंडोजचं स्वतःचं, आणि एक छायाचित्र. वाचनालयाच्या वर्धापनदिनाचं. छायाचित्राची फाइल मध्येच तुटली की तिथून खालचा भाग नुसता करडा होतो. पुढे खुर्च्यांवर बसलेली माणसं त्यात गेली. मागे उभे असलेले राहिले. मागच्या रांगेत डावीकडून तिसऱ्या ताई. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. "पुढे कोण कोण होतं, मला पाठ आहे," म्हणाल्या, आणि नावं वहीत लिहून घेतली.

जुनी डिस्क काढून कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. आता एसएसडीवर मिंट चढवायचं. इन्स्टॉलेशन म्हणून लोक ज्याची धास्ती घेतात ते एवढंच होतं : वीस मिनिटं. 'पूर्ण झाले, पेनड्राइव्ह काढा,' असं आलं. काढला, चालू केलं, आणि काळ्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ. रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.

ताई काही बोलल्या नाहीत. मला घाम फुटला. मग पेनड्राइव्ह परत लावून पाहिला, आणि नवी यंत्रणा लख्ख उघडली. तेव्हा लक्षात आलं. वाटण्या हाताने करताना, ग्रब हा यंत्रणा सुरू करून देणारा प्रोग्रॅम (बूटलोडर) कोणत्या डिस्कच्या डोक्यावर लिहायचा, हे खाली एका छोट्या चौकटीत विचारलेलं असतं. बाहेरची डिस्क, पेनड्राइव्ह आणि एसएसडी तिन्ही जोडलेली, आणि माझी निवड पेनड्राइव्हवर पडली होती. घर बांधून झालं होतं, दार शेजारच्या भिंतीत बसलं होतं. पेनड्राइव्ह लावलेला असतानाच आतून एका आज्ञेने ग्रब एसएसडीवर लिहिला. बंद केलं, पेनड्राइव्ह काढून खिशात घातला, आणि बटण ताईंना दाबायला सांगितलं. जुन्या विंडोजला चार-पाच मिनिटं लागायची, तिथे आता पणतीत तेल घालून होईपर्यंत पडदा तयार.

मग त्यांचा पहिला प्रश्न उरला. अक्षरं.

फाइल उघडली तर प्रत्येक रकान्यात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. ही नोंदवही जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, पण पेजमेकरसारख्या सॉफ्टवेअरना ती कळत नसल्याने छापखाने आणि त्यांच्या मागे कार्यालयं कितीतरी वर्षं जुन्या फाँटवरच राहिली. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवलेले असतात. फाँट गेला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. जुन्या डिस्कच्या प्रतीतून फाँटची फाइल काढून मिंटमध्ये ठेवली, आणि ओळी मराठी झाल्या. ताईंनी पहिली नोंद मोठ्याने वाचली. दुसरी वाचली. मग चष्मा काढून पदराने पुसला.

पण दिसणं वेगळं, शोधता येणं वेगळं. भाऊबीजेपर्यंतचे दोन दिवस मी ती नोंदवही युनिकोडमध्ये नेण्यात घालवले, आणि या सगळ्या खटपटीत मला सर्वांत आनंद तिथे मिळाला. जुन्या फाँटमध्ये 'किनारा' लिहिताना वेलांटी आधी टाइप होते आणि क नंतर, डोळ्यांना कागदावर दिसतं त्याच क्रमाने. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी मागून, तोंड उच्चारतं त्या क्रमाने. 'सूर्य' मध्ये उलटं. जुन्या फाँटमध्ये य काढून झाल्यावर डोक्यावर रफार. युनिकोडमध्ये र् आधी आणि य नंतर. म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी एक घर मागे ढकलायची आणि प्रत्येक रफार एक घर पुढे आणायचा, तेही जोडाक्षर अख्खं ओलांडून. छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो चुकायचा तिथे ताई बोट ठेवायच्या. त्यांच्या हातांनी ती अक्षरं एकदा टाइप केलेली होती. कुठल्या लेखकाच्या नावात काय बिघडलंय हे त्यांना लांबूनच दिसायचं. नवा कळफलक शिकायला मात्र त्या तयार नव्हत्या, आणि मलाही ते योग्य वाटलं नाही. पंधरा वर्षं बोटांत बसलेली मांडणी का मोडायची? मिंटमध्ये मराठी टंकलेखन यंत्राची मांडणी निवडता येते, ती लावून दिली. आता प्रत महिन्यातून दोनदा निघते, एक पेनड्राइव्ह वाचनालयात आणि एक ताईंच्या घरी तांदळाच्या डब्याशेजारी.

भाऊबीजेच्या दुपारी मी निघायला आलो, तर बाहेर चपलांची गर्दी. दिवाळी अंकांचा गठ्ठा आला होता आणि सभासद नोंद होण्याची वाट बघत बसले होते. नोंद झाल्याशिवाय अंक बाहेर जात नाही, हा ताईंचा नियम. त्या संगणकासमोर बसल्या होत्या. मागच्या सभासदाने विचारलं, "चालला का हो?" ताईंनी मान न वळवता विचारलं, "तुम्हाला कुठला अंक हवाय?" आणि टाइप करायला सुरुवात केली. दाखल क्रमांक ९,४१२.